ताई, तुझ्या लेपात काय होतं?

ताई,

तुझ्या तेरवीला पंगतीत भाजी वाढता वाढता मी बायकांच्या डोक्यांचा वास घेत होते. तुला हसू येईल, कारण ही सवय तुझीच. माका, जास्वंद आणि जराशी जास्त तापलेली मेथी, हा वास मी कुठेही ओळखेन. "सुमनबाईचं तेल आमी केव्हाच सोडलं," असं घाटंजीभर सांगत फिरणाऱ्यांच्या वेण्यांनाही तोच वास येत होता. म्हणजे बाटल्या जातच होत्या. कोण नेत होतं, कोणाच्या नावाने नेत होतं, आणि तू सगळं ओळखून देत होतीस की नाही, हे आता कोणाला विचारू?

संशय आपल्या घरातलाच. आई दूध घेताना मापाकडे बघायची नाही, दूधवाल्याच्या तोंडाकडे बघायची. तू तिच्याही पुढे गेलीस. बाजारात शिकेकाई घेताना शेंग मोडून जिभेवर ठेवायचीस आणि दुकानदाराला न बोलता परत द्यायचीस. मध विकायला येणाऱ्या माणसाला अंगणात बसवून चहा पाजायचीस, त्याच्यासमोरच मधाचा थेंब पाण्याच्या ग्लासात सोडायचीस, आणि तो थेंब तळाशी जाईपर्यंत त्याच्या लेकराबाळांची चौकशी करायचीस. हळद आपल्या वाफ्यातली. तिळाचं तेल घाणीवर समोर उभं राहून काढलेलं. उटण्यासाठी संत्र्याच्या साली फक्त शेताच्या धुऱ्यावरच्या दोन झाडांच्या. शेजारच्या शीलावहिनींनी एकदा टोपलंभर साली प्रेमाने आणून दिल्या, तर तू त्या उकिरड्यावर टाकल्यास. "कोनती फवारनी मारेल असन, कोन जाने," म्हणालीस, आणि वर त्यांना सांगितलंस, "लय कामी आल्या वं."

माझं पार्लर यवतमाळला. तू पहिल्यांदा आलीस तेव्हा खुर्चीत बसलीच नाहीस. फळीवरची एकेक बाटली उचलून उजेडात धरलीस, झाकण उघडून नाक लावलंस.

"यावर पान काहून काढलं?"

"त्यात कडुनिंब आहे म्हणून."

"पानाचं चित्र काढलं म्हणजे पान झालं काय?"

"ताई, मागे सगळं लिहिलेलं असतं."

"वाचून दाखव."

मी वाचायला लागले. तिसऱ्याच नावावर माझी जीभ अडखळली. तू काही बोलली नाहीस, नुसती बाटली जागेवर ठेवलीस. त्या न बोलण्याचा मला फार राग आला होता. तो राग मी पुढे तुझ्या तेलावर काढत राहिले. एवढं काळं कसं होतं हे तेल? तू म्हणायचीस, कढई लोखंडी आहे म्हणून. मी म्हणायचे, कढई एवढी काळी? आणि कृती तर तू मला कधी पूर्ण सांगितलीच नाहीस. विचारलं की घडाघडा सांगायचीस, माका किती, आवळा किती, पानं कुरकुरीत झाली की कढई उतरवायची, रात्रभर तशीच ठेवायची, जुन्या धोतरातून गाळायची. मी घरी करून बघायचे आणि ते तुझ्यासारखं व्हायचं नाही. पुन्हा विचारलं की एखादा नवाच जिन्नस निघायचा. सख्ख्या बहिणीपासून काय लपवत होतीस? की हे असंच असतं, हाताला माहीत असतं आणि तोंडाला सांगता येत नाही? मला नाही पटत. तू लपवतच होतीस.

पण वेचणीच्या दिवसांत तुझ्या ओट्यावर बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. कापसाच्या बोंडांनी बोटांना चिरा पडलेल्या. मोहाच्या बियांचं तेल आणि मेण वितळवून केलेलं तुझं मलम त्या एकमेकींच्या बोटांना लावत बसायच्या आणि तू मध्येच एखादीचा हात धरून म्हणायचीस, "हे मलमाचं काम नाही, पिकलं आहे, दवाखान्यात जाय." तेव्हा मला तुझा अभिमान वाटायचा. तो तुला मी कधी बोलून दाखवला नाही. तू लगेच विचारलं असतंस, "काय पाहिजे तुले?"

मग पल्लवीचं झालं.

शीलावहिनींची पल्लवी तुझ्या डोळ्यांसमोर वाढली. तिचं साक्षगंध ठरलं. मामीने जमवलेली सोयरीक, मुलगा नोकरीवाला, घर चांगलं. पल्लवी भुवया करायला माझ्याकडे आली होती. तिचा रंग जरा उजळलेला दिसला. मी म्हटलंही, "काय गं, लग्नाचं तेज आलं का?" तर ती लाजून हसली. साक्षगंधाच्या आधी तू तिला उटण्याचा लेप दिलास. हळद, मसूर डाळ, संत्र्याची साल, नेहमीचाच. लेप लावला आणि तिचा चेहरा पेटला. लालभडक, सुजलेला, डोळे उघडेनात. पाहुणे आले, पाहून गेले. साक्षगंध पुढे ढकललं.

शीलावहिनींनी तुझ्या अंगणात येऊन लेपाचा डबा उपडा केला. हे मला तू नाही सांगितलंस, भाऊजींनी सांगितलं. ते म्हणाले, "तुही बहीन काहीच बोलली नाही. खाली बसली अन सांडलेला लेप गोया करून गालाले लावला. दुपारभर उन्हात बसून राह्यली तशीच, सगळ्या गल्लीच्या समोर." तुझ्या गालाला काही झालं नाही. गल्लीला त्याचं काही वाटलं नाही. ती बाई निबर कातडीची, म्हणाले लोक.

संध्याकाळी तुझा फोन आला. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही.

"अलका, तू तिले काय लावलं?"

"कोणाला?"

"पल्लवीले. तुह्या पार्लरात आलती ना ते?"

"भुवया केल्या, ताई. फक्त भुवया. पावडर लावली, धागा फिरवला."

"अजून?"

"अजून काही नाही! तू माझ्यावर ढकलतेस का आता? लेप तुझा, आणि विचारतेस मला?"

"मी ढकलून नाही राह्यली. इचारून राह्यली."

"मग तू सांग, लेपात काय घातलं होतंस? खरं सांग. काहीतरी नवीन घातलं होतंस ना?"

तू फोन ठेवलास. भांडण तिथेच राहिलं, ताई. पुढे आपण बोललो, सणाला भेटलो, एकमेकींना साड्या नेसवल्या, पण त्या प्रश्नाच्या बाजूबाजूने चाललो. मला वाटत होतं, लेपात काहीतरी होतं. तुला वाटत होतं, माझ्या फळीवरच्या कुठल्यातरी बाटलीत काहीतरी होतं. एका आईच्या लेकी आपण, दोघींच्या नाकाला सगळं कळायचं, आणि एकमेकींचाच वास लागेना.

त्यात तू लेप करणंच बंद केलंस. तेल चालू ठेवलंस, मलम चालू ठेवलंस, पण तोंडाला लावायचं काही म्हणून करायची नाहीस. गावाने त्याचा एकच अर्थ काढला. मीही तोच काढला. चूक नसती तर बंद कशाला केलं असतं?

आणि मग तो दिवस. मी ऑटोतून बसस्टँडवरून जात होते. घाटंजीच्या गाडीतून उतरलेल्या माणसांत मला तू दिसलीस. जांभळं लुगडं, काखेत पिशवी, चालण्याची ती घाई. सोबत ओढणीने सगळं तोंड बांधलेली एक मुलगी. मी हाक मारेपर्यंत ऑटो पुढे गेला. मी घरी जाऊन चहाचं आधण ठेवलं. तू यवतमाळला आलीस म्हणजे माझ्याकडे येणारच. संध्याकाळ झाली. तू आली नाहीस. फोन केला तर म्हणालीस, "मी कायले येऊ यवतमाळले? वावरात होती आज."

किती सरळ खोटं, ताई. आवाजही हलला नाही.

तेव्हापासून मी तुला वेगळ्याच नजरेने बघायला लागले. तुला काहीतरी झालंय आणि तू लपवतेस, असं मनाने घेतलं. दवाखान्याच्या चकरा असणार. सोबत नेलेली मुलगी कोणीतरी ओळखीची असणार. तू वाळलेली दिसलीस की वाटायचं, हेच ते. तू जास्त हसलीस तरी वाटायचं, हेच ते. विचारलं की तू माझ्या कपाळाला हात लावायचीस, "तुलेच ताप आला काय?"

म्हणून या हिवाळ्यात भाऊजींचा फोन आला, अंगणात माका वाळत घालता घालता तू छातीला हात लावून खाली बसलीस आणि उठलीच नाहीस, तेव्हा रडण्याच्या आधी माझ्या मनात राग आला. माहीत होतं तुला. माहीत होतं आणि सांगितलं नाहीस. तुला पोहोचवून आल्यावर मी तुझं कपाट उघडलं. गोळ्या शोधल्या, इंजेक्शनच्या बाटल्या शोधल्या. साधी तापाची गोळीही निघाली नाही. त्याने संशय गेला नाही, वाढला. एवढं स्वच्छ कपाट कोणाचं असतं?

भाऊजींना विचारलं. ते ओट्यावर गुडघे जवळ घेऊन बसले होते. म्हणाले, "मले बी वाटे काहीतरी आहे म्हनून. मधात मधात निघून जाय. मले सांगे, बाजारात गेलती. पिशवी त रिकामीच राहे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मले वाटलं, तुले माहीत असन." मला वाटत होतं, त्यांना माहीत असेल.

तेरवीची जेवणं उरकली. मागच्या अंगणात मी भांडी घासायला बसले, तर पल्लवी येऊन समोर बसली. चेहरा स्वच्छ. सावळा आणि स्वच्छ. तिने एक पातेलं ओढून घेतलं आणि घासत घासतच बोलायला लागली, वर न बघता.

"मावशी, काकूच्या लेपात काहीच नोतं."

मी हात थांबवला.

तिला होणाऱ्या नणंदेने एक डबी पाठवली होती. वर नाव नाही, गाव नाही. "साक्षगंधापर्यंत लाव, फोटो चांगले येतीन," असा निरोप. पल्लवीने लावली. रंग उजळला, सगळ्यांनी कौतुक केलं. डबी संपली आणि चेहऱ्याची आग सुरू झाली. तिला वाटलं, तुझा लेप लावला की थंड वाटेल. लावला, आणि मग जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. डबीचं कोणी पाहिलं नव्हतं.

"काकूला कसं कळलं?" मी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी मले पाह्याले आली. माय सयपाकघरात होती. काकूनं माही उशी उचलली अन नाकाले लावली. म्हने, हा वास माह्या घरचा नाही. कोनाचा आहे?"

ताई, मी भांडी सोडून तुझ्याकडे बघावं तसं त्या मुलीकडे बघत राहिले.

"अन पहिले काकूनं मले एकच इचारलं. म्हने, अलकानं काही लावलं काय? खरं सांग, मी तुले काही म्हनत नाही, तिले बी म्हनत नाही. मी म्हनलं, नाही, मावशीनं भुवयाच केल्या. काकूनं पुन्हा इचारलं. मी पुन्हा नाही म्हनलं. त काकू खाली बसली अन रडाले लागली. मले वाटलं माह्यासाठी रडून राह्यली."

हे तू मला का नाही सांगितलंस? एक फोन करायचा होता. "अलका, तू नाहीस," एवढं म्हणायचं होतं. तुझ्या मनातून मी कधी सुटले, कधी माझ्यावरचा डाग पुसला गेला, हे मला तुझ्या तेरवीच्या खरकट्या भांड्यांजवळ बसून कळावं?

पण मी तुझीच बहीण. मला लगेच वाटलं, आता तू नाहीस म्हणून ही काहीही सांगेल. मी विचारलं, "डबी कुठे आहे?"

"डॉक्टरपाशी. काकू मले यवतमाळले घेऊन गेलती. कातडीच्या डॉक्टरकडे. डबी बी नेली, अन एका कागदात लेप बी बांधून नेला. डॉक्टरले म्हने, दोनी पाहा."

"कधी?"

"लय डाव गेलो आमी, मायले न सांगता. एका डावाले तुमी दिसल्या. तुमी ऑटोत होत्या, मावशी. पिवळी साडी होती तुमची. काकूनं माह्या डोक्यावर हात ठेवून मले खाली दाबलं."

पिवळीच होती. पल्लवी खरं सांगत होती.

डॉक्टरांनी डबी पाहून सांगितलं, अशा मलमांत स्टिरॉइड असतं. लावत राहिलं की चेहरा गोरा दिसतो, थांबवलं की भडकतो. मग तू विचारलंस, माझ्या लेपाचं काय? डॉक्टर म्हणाले, कातडी आधीच सोलवटल्यासारखी झाली होती, त्यावर हळद आणि संत्र्याची साल गेली, आग वाढली असणार. घरचं आहे म्हणून प्रत्येक चेहऱ्याला चालतंच असं नाही. पल्लवी म्हणाली, तू मान हलवलीस. लेप बंद केलास तो त्यानंतर. मुलींच्या अंगाला आधी काय लागलंय ते मला कळणार नाही, म्हणालीस तिला. "आजकाल कोनाच्या तोंडाले काय लावेल असते, कसं समजन?"

डबीचं कोणाला सांगू नको, अशी गळ पल्लवीनेच तुला घातली. मामीने जमवलेलं स्थळ. बोललं असतं तर तिच्या आईचं माहेर तुटलं असतं. तू शब्द दिलास. पुढे चेहरा बरा झाला आणि त्या घरून दुसरी डबी आली. तेव्हा मात्र पल्लवीने लग्नाला नाही म्हटलं. कारण सांगितलं शिक्षणाचं. शीलावहिनींना वाटलं, तूच तिच्या कानात काहीतरी भरलंस. म्हणजे आधी चेहरा बिघडवला, मग सोयरीक मोडली, दोन्ही तुझ्याच नावावर.

"मी काकूले म्हनलं होतं, अलकामावशीकडे उतरू. काकू म्हने, नोको. ते ऐकून घेईन, अन मंग डबी पाठवनारीच्या घरी जाऊन भांडन. तिचं तोंड मले माहीत आहे."

गेलेच असते, ताई. अजूनही जावंसं वाटतं. माझ्या पार्लरात अशा बिननावाच्या डब्या घेऊन माणसं येतात, "ताई, लय चालते," म्हणतात. मी त्यांना दारातूनच परत पाठवते. कधीपासून, माहीत आहे? तू त्या बाटलीवरचं वाचायला लावलंस तेव्हापासून. हे तुला सांगायचं राहिलं. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू मला विचारलंस ते फक्त पल्लवीचं.

मी पल्लवीला म्हटलं, "आईला सांग."

"सांगतो," ती म्हणाली. "काकू म्हनलती, तुह्या मायले तूच सांगशीन, तुले वाटन तवा."

परवा मी तुझी लोखंडी कढई घासायला काढली. तिच्यात शेवटचं तेल तसंच होतं, न गाळलेलं, पानं तळाशी बसलेली. तेच गाळत होते, तेवढ्यात शीलावहिनी आल्या. डोळे सुजलेले. पल्लवीने सांगितलं होतं, हे विचारायची गरज नव्हती. त्या ओट्याच्या कडेला उभ्या राहिल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"अलका, जरासं तेल आहे काय?"

मी वर पाहिलं. पश्चात्ताप झालाय की खरंच केस गळतात? की गल्लीला दाखवायला बाटली हवी? ताई, तुला एका नजरेत कळलं असतं. मला नाही कळलं.

"कायले पाहिजे?"

"डोक्याले."

मी बाटली भरली, पुसली, त्यांच्यासमोर धरली. त्यांनी घेतली नाही.

"सुमन असती त मले देल्लं नसतं."

"देल्लं असतं," मी म्हटलं. "पन पहिले बोलली असती."

"मंग तू बोल," शीलावहिनी म्हणाल्या, आणि मान खाली घालून उभ्या राहिल्या.

मी बोलले, ताई. तुमच्या पोरीला स्वतःच्या लेकीसारखं घेऊन माझी ताई गाड्या बदलत फिरली, तुमच्या अब्रूसाठी स्वतःची अब्रू घालवून बसली, आणि तुम्ही तिच्या दारात डबा उपडा केलात. भिंतीला भिंत लागून आहे तुमची. वर्षभर तिच्या अंगणातून जाताना एकदा तरी तिच्या तोंडाकडे पाहिलं का? विचारलं का एकदा, सुमन, काय झालं होतं? आवाज चढला तसे भाऊजी आतून आले आणि दारातच थांबले. शीलावहिनी रडत होत्या, पण हलल्या नाहीत. मी दम घ्यायला थांबले तर म्हणाल्या, "अजून बोल."

माझ्याकडे अजून खूप होतं. पण ते बरंचसं तुला बोलायचं होतं. म्हणून मी पाट सरकवला आणि त्यांना म्हटलं, "बसा."